वाचकांचे प्रश्न : वसाहतीत येणारा मोर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच पक्ष्याविषयी आहेत. पुण्यातील वेताळ टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या एका वसाहतीत गेली पाच वर्षे एक मोर रोज येतो. मुलांनी त्याचे नाव ‘मोरोपंत’ ठेवले आहे. तो कोणाचाही नाही आणि तरीही त्याच्यावर सर्वांचा जीव आहे. त्याच्यावरून वसाहतीत थोडा वादही सुरू झालेला दिसतो. एकाच पक्ष्याकडे पाहणाऱ्या चार घरांचे चार प्रश्न एकत्र वाचल्यास इतरांनाही उपयोग होईल, असे वाटल्याने या वेळचे सदर मोरालाच दिले आहे. याच विषयावरील आणखी दोन पत्रेही त्यांत घेतली आहेत.

प्रश्न : माझे वय चौऱ्याहत्तर आहे. आमचा मोरोपंत रोज सकाळी साडेसहाला माझ्या ओट्यापाशी येतो. मी त्याला ज्वारी, शेंगदाणे आणि आदल्या दिवशीच्या पोळीचे तुकडे घालते. आता तो माझ्या हातातूनही खातो आणि शेजारची मुले त्याच्या पाठीला हात लावून पाहतात. मुलगा म्हणतो की हे बंद कर, त्याचे नुकसान होते. प्रेमाने दोन घास घातले तर त्यात काय चुकले? — एक आजी, पुणे

उत्तर : आपला हेतू चुकलेला नाही. दारी आलेल्याला काही घातल्याशिवाय परत पाठवायचे नाही, हा आपल्या घरांतला जुना रिवाज आहे आणि त्याच रिवाजाने आपण मोराकडे पाहता. मात्र आपल्या चिरंजीवांचे म्हणणे बरोबर आहे, असेच मला सांगावे लागेल, आणि त्याची कारणे मी जरा सविस्तर देतो.

मोर हा दिवसभर चरणारा पक्षी आहे. गवताचे बी, कोवळे कोंब, पडलेली फळे, वाळवी, नाकतोडे, सरडे, लहान साप आणि उंदराची पिल्ले असे सर्व काही तो जमीन उकरत टिपत जातो. टेकडी त्याला हे सर्व देते. पोळीच्या तुकड्याने त्याचे पोट भरते, परंतु किड्यांतून मिळणारी प्रथिने त्यातून मिळत नाहीत, आणि दरवर्षी दीडशेहून अधिक लांब पिसे नव्याने उगवणाऱ्या नराला प्रथिनांची मोठी गरज असते. पावसाळी हवेत ओट्यावर उरलेल्या दाण्यांना आणि शेंगदाण्यांना बुरशी धरते. ती आपल्याला दिसण्याआधीच विषारी झालेली असू शकते आणि पक्ष्याच्या यकृतावर तिचा परिणाम होतो. शिवाय सांडलेल्या दाण्यांवर कबुतरे आणि उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात, आणि मग वसाहतीत कोणीतरी उंदरांसाठी विष आणते. या विषाविषयी पुढे एका उत्तरात लिहिले आहे.

परंतु याहून मोठे कारण आपल्या पत्रातील एका वाक्यात आहे : तो हातातून खातो. रानातल्या पक्ष्याचे खरे कवच त्याची भीती हे असते. आपल्याला न घाबरणारा मोर उद्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही घाबरणार नाही, आणि तो माणूस आपल्यासारखाच असेल याची खात्री कोण देणार? उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यातील घटना आपण वाचली असेल. तेथे एका शेतकऱ्याला 2022 साली पाय जायबंदी झालेला सारस पक्षी शेतात सापडला. त्याने त्याची मनापासून शुश्रूषा केली. बरा झालेला सारस त्याला सोडून जाईना, त्याच्या मोटारसायकलमागे उडत जाई आणि त्याच्या ताटातले खाई. मार्च 2023 मध्ये वनविभागाने तो पक्षी ताब्यात घेऊन समसपूरच्या पक्षी अभयारण्यात नेला, पण तेथूनही तो माणसांच्या वस्तीकडे आला आणि अखेर कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात बंदिस्त झाला. त्या शेतकऱ्यावर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कारवाई सुरू झाली. त्या माणसाच्या मायेविषयी मला तिळमात्र शंका नाही, आणि ती घटना आठवली की म्हणूनच जास्त वाईट वाटते.

आता करायचे काय, हे सांगतो. एकदम बंद करू नका. दोन-तीन आठवड्यांत प्रमाण कमी करत न्या, वेळ मुद्दाम बदलत राहा आणि पोळी मात्र आजपासूनच बंद करा. दाणे हातातून न देता कुंपणाजवळच्या मोकळ्या जमिनीवर विरळ टाका, म्हणजे त्याला उकरून शोधावे लागतील, आणि मग तेही थांबवा. त्याऐवजी मातीचे एक उथळ, पसरट भांडे पाण्याने भरून ठेवा. ते रोज घासून धुवा आणि मांजराला दबा धरायला जागा मिळणार नाही अशा उघड्या ठिकाणी, पण सावलीत ठेवा. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत टेकडीवरचे पाणी आटते तेव्हा हे भांडे दाण्यांपेक्षा कितीतरी मोलाचे ठरते. मुलांना हात लावू देऊ नका. तो आपल्या ओट्यापासून पंधरा पावलांवर उभा राहून पाणी पिऊ लागला, तर आपल्यातील नाते तुटले असे मानू नका.

प्रश्न : मी याच वसाहतीत राहतो. या मोराने माझ्या नव्या काळ्या गाडीचे दार आणि काच चोचीने व नखांनी ओरबाडून टाकली आहे. शिवाय पावसाळाभर पहाटे साडेचारपासून त्याचे ओरडणे चालू असते. वनविभागाने त्याला पकडून दूर जंगलात सोडावे, अशी मागणी आम्ही काही रहिवासी करणार आहोत. ती मान्य होईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपले नुकसान खरे आहे आणि ते क्षुल्लक नाही. मोर गाडीवर चिडलेला नसतो. काळ्या, चकचकीत पत्र्यात त्याला दुसरा नर दिसतो आणि विणीच्या हंगामात आपल्या जागेत आलेल्या नराला हुसकावणे हे त्याचे कामच असते. समोरचाही तितक्याच त्वेषाने चोच मारतो, मागे हटत नाही, त्यामुळे ही लढाई संपत नाही. गाडीवर सुती आच्छादन घातले की प्रतिबिंब जाते आणि लढाईही जाते. तळमजल्याच्या काचांवर त्याने हल्ला केला, तर बाहेरच्या बाजूने साबणाचे पाणी फासून किंवा जुने वर्तमानपत्र चिकटवून ती काच महिनाभर धूसर ठेवावी. ज्येष्ठ ते भाद्रपद हाच त्रासाचा काळ असतो. केकारवही याच महिन्यांत होतो आणि पिसारा गळू लागला की तो आपोआप उतरतो.

त्याला पकडून नेण्याची मागणी मात्र करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. मोर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दात पकडणे, सापळा लावणे, हाकलत नेणे, अंडी वा घरटे विस्कटणे हे सर्व येते. गाडीला ओरखडे पडले म्हणून अशा पक्ष्याला उचलून नेता येत नाही. आणखी एक गोष्ट मी पशुवैद्य म्हणून सांगतो. लांब पायांचे पक्षी पाठलागाच्या धावपळीने आणि भीतीने कोसळतात, त्यांचे स्नायू आतून निकामी होतात आणि अंगावर एकही जखम नसताना ते दोन-चार दिवसांत मरतात. अनोळखी रानात सोडलेल्या नराला तेथील जुने नर टिकू देत नाहीत, हे वेगळेच. आपली गाडी आच्छादनाने वाचेल. त्या पक्ष्याला वाचवायला असे काहीही हाताशी नसेल.

प्रश्न : वसाहतीचा सचिव या नात्याने काही गोष्टी एकदाच स्पष्ट करून घ्याव्यात असे वाटते. मुले गळलेली मोरपिसे गोळा करतात, हा गुन्हा आहे का? बागेत घाणेरीच्या झुडपाखाली लांडोरीची चार अंडी आढळली आहेत, त्यांचे काय करावे? मोर रात्री ज्या शिरीषावर बसतो त्याच्या फांद्या छाटण्याचा ठराव झाला आहे. उंदरांचा बंदोबस्त करणाऱ्या कंपनीशी वार्षिक करार आहे, त्याचा मोराशी काही संबंध येतो का? — एक सचिव, पुणे

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण आपण तो सर्वांत शेवटी आणि जाता जाता विचारला असला तरी मोराच्या जिवाला सर्वांत मोठा धोका तेथेच आहे.

इमारतींच्या भोवती ठेवल्या जाणाऱ्या निळ्या-हिरव्या वड्यांत बहुधा ब्रोमाडायोलोनसारखे रक्त न गोठू देणारे औषध असते. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. जीवनसत्त्व ‘के’ चे काम बंद पडून त्याच्या शरीरात आतल्या आत रक्तस्राव होत राहतो आणि मरेपर्यंतचे काही दिवस तो मंदावलेला, दिवसाउजेडी उघड्यावर फिरताना दिसतो. असा उंदीर किंवा त्याचे पिल्लू कोणत्याही पक्ष्याला आयते सापडते. मोर तर विषाची दाणेदार गोळीही सरळ टिपू शकतो.

न्यूयॉर्कमधील फ्लाको या घुबडाची हकीकत यासाठीच सांगण्यासारखी आहे. हे युरेशियन गरुड-घुबड सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयात होते. 2 फेब्रुवारी 2023 रोजी कोणीतरी त्याच्या पिंजऱ्याची जाळी कापली आणि ते बाहेर पडले. पिंजऱ्यात वाढलेले हे घुबड उपाशी मरेल असे तज्ज्ञांना वाटत होते, परंतु ते उंदीर मारायला शिकले आणि वर्षभर त्या महानगरात मोकळे राहिले. लोक रोज त्याचा ठावठिकाणा एकमेकांना कळवत, ते खिडकीशी येऊन बसले की घरातली माणसे श्वास रोखून पाहत. 23 फेब्रुवारी 2024 रोजी मॅनहॅटनमधील एका इमारतीच्या अंगणात ते पडलेले आढळले आणि मरण पावले. शवविच्छेदनात त्याच्या शरीरात उंदीर मारण्याची चार प्रकारची रक्तपातळ विषे आणि कबुतरांपासून होणारा एक विषाणूजन्य आजार आढळला. त्याला मारावे असे त्या शहरात कोणाच्याही मनात नव्हते. इतक्या लोकांनी ज्याच्यावर माया केली, त्याच्या पोटात त्याच लोकांच्या इमारतींभोवतीचे विष गेले.

म्हणून करारात बदल करून घ्या. विषाच्या वड्या पूर्ण बंद करून यांत्रिक सापळे बंद पेटीत लावा, गटारांच्या तोंडांना जाळ्या बसवा, कचऱ्याच्या डब्यांची झाकणे दुरुस्त करा. सांडलेले धान्य आणि उघडा कचरा थांबला की उंदीर निम्म्याने कमी झालेले आपल्यालाच दिसतील. बागेत कीटकनाशक मारणेही विणीच्या महिन्यांत थांबवावे, कारण पिल्ले मुख्यतः किड्यांवर वाढतात.

अंड्यांना हात लावू नका, कोंबडीखाली तर मुळीच उबवू नका. घरच्या कोंबड्यांच्या विष्ठेतून पसरणारे काही रोग मोराच्या पिल्लांना सहज मारतात, आणि तसे करणे कायद्यानेही चूकच आहे. लांडोर जमिनीत उथळ खळगा करून अंडी घालते आणि सुमारे 28 दिवस एकटीच उबवते. चरण्यासाठी ती मधून मधून उठून जाते, तेव्हा घरटे सोडून दिले आहे असे समजून कोणी मदतीला धावू नये. त्या झुडपापासून आठ-दहा मीटरपर्यंत दोरी बांधा, माळ्याला गवत कापण्याचे यंत्र तिकडे नेऊ देऊ नका, आणि भटक्या कुत्र्यांना अन्न देणाऱ्या रहिवाशांना महिनाभर ती जागा वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला न्यायची विनंती करा. त्यांचाही कुत्र्यांवर जीव आहे, त्यामुळे भांडून नव्हे तर समजावून सांगितल्यास ते ऐकतात असा माझा अनुभव आहे. पिल्ले अंड्यातून निघाल्यावर लगेच आईमागे चालू लागतात. मग दोरी सोडा.

शिरीषाच्या बाबतीत ठराव स्थगित ठेवावा. नागरी भागातील झाडांसाठी महाराष्ट्रात 1975 चा कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. छाटणीसाठीही महापालिकेच्या उद्यान विभागाला आधी विचारावे. मोर शक्यतो एकच रातथारा धरून राहतो. उंच, मोकळ्या फांदीवर बसल्यामुळेच कुत्री आणि रानमांजरे यांच्यापासून तो रात्री सुरक्षित असतो, आणि ती फांदी गेली तर तो खालच्या भिंतीवर किंवा विजेच्या तारांजवळ बसू लागेल. धोकादायक फांदी असेल तर तेवढीच, विणीचा हंगाम संपल्यावर, दिवसा काढावी.

पिसांविषयी मुलांना निश्चिंत करा. आपोआप गळलेले शेपटीचे पीस घरात ठेवणे गुन्हा नाही. देशाबाहेर पाठवणे मात्र निषिद्ध आहे. मोर मेलेला आढळला तर गोष्ट वेगळी आहे. तो शासनाची मालमत्ता असतो, त्याचे पीसही न उपटता 48 तासांच्या आत वनविभागाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणे बंधनकारक आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे. हा आकडा सूचनाफलकावर लावायला हरकत नाही, परंतु त्याच्या वर मोराचे छायाचित्र लावा. लोक ते आधी पाहतील.

प्रश्न : संक्रांतीच्या सुमारास आमच्या गल्लीतल्या लांडोरीच्या पायात मांजा गुंतला होता. आम्ही सातआठ जण तिच्यामागे धावलो, पण ती सापडली नाही आणि दुसऱ्या दिवशी मेलेली आढळली. आमचे काय चुकले? — एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : आपण सर्वजण धावलात यावरूनच आपली तळमळ दिसते, म्हणून हे लिहिताना जड जाते, परंतु पुढच्या वेळेसाठी सांगायलाच हवे : धावायचे नव्हते. पाठलागाने काय होते ते वर लिहिलेच आहे. जखमी पक्षी दिसताच एकाने दुरून नजर ठेवावी, दुसऱ्याने वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि इतरांनी मुले व कुत्री दूर ठेवावीत. पक्षी खाली पडलेलाच असेल आणि वाट पाहणे शक्य नसेल, तर एका माणसाने मागून हळू जाऊन जाड चादर संपूर्ण अंगावर, डोक्यासकट टाकावी. अंधार झाला की पक्षी शांत होतो. पाय आणि पंख अंगाशी धरून त्याला भोके पाडलेल्या मोठ्या खोक्यात ठेवावे, चोचीत पाणी ओतू नये (ते श्वासनलिकेत जाते), हळद लावू नये, आणि मांसात रुतलेला दोरा ओढून काढू नये.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक लांडोर आली होती. तिला ज्याने आणले तो एका वसाहतीचा पहारेकरी होता. त्याने आपली शाल तिच्यावर टाकली होती आणि थंडीत स्वतः सदऱ्यावर तासभर बसून राहिला होता. तिचे एक बोट काढावे लागले, पण ती वाचली. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली देशभर बंदी घातली आहे. आपल्या गल्लीतील दुकानात तो विकला जात असेल, तर संक्रांतीच्या आधीच पोलिसांना कळवा आणि सण झाल्यावर मुलांना बरोबर घेऊन झाडांवर अडकलेला दोरा काढण्यासाठी एक सकाळ द्या. झाडांवर राहिलेला दोरा पुढेही महिनोन्‌महिने पाखरे मारत असतो.

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात आर्केडियाजवळ राहतो. येथे मोर रस्त्यांवरून फिरतात, पण त्यांना दाणे घालायला मनाई आहे. आपल्या राष्ट्रीय पक्ष्याला येथे मूठभर दाणेही घालू नयेत, हे मनाला पटत नाही. — एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : परदेशात मोर दिसल्यावर आपले मन भरून येणे मी समजू शकतो. मोराला राष्ट्रीय पक्षी ठरवले गेले 1963 साली, परंतु आपल्या मनात तो त्याआधीही होताच. तरीही तेथील नियम पाळावा. तेथले मोर ‘लकी’ बाल्डविन या जमीनदाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणलेल्या पक्ष्यांचे वंशज आहेत. आर्केडियाच्या लोकांनी त्यांना आपले मानले आणि नगराच्या चिन्हावरही मोर घेतला. तेथे त्यांना आपल्या रानातल्यासारखे शत्रू नाहीत, अन्न वाढले की संख्या वाढते, रस्त्यांवर गाड्यांखाली ते मरतात आणि शेजाऱ्यांत भांडणे होतात. लॉस एंजेलिस परगण्याने 2021 साली मोरांना खाऊ घालण्यावर बंदी आणण्याचा निर्णय याच अनुभवातून घेतला. आपल्या अंगणातल्या झाडावर एखादा रात्री निर्धास्त बसत असेल, तर एवढा पाहुणचार पुरेसा आहे.

प्रश्न : मी सातवीत शिकते. मोरोपंत आमच्या वसाहतीत रोज यायचा. आता एकवीस दिवस झाले, तो आलाच नाही. मी रोज वहीत लिहिते. त्याला कोणी मारले असेल का? आम्ही त्याला शोधायला टेकडीवर जावे का? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तू वहीत रोज नोंद ठेवतेस, हे वाचून फार आनंद झाला. तुझ्या वहीतूनच बहुधा उत्तर मिळेल. शेवटच्या काही दिवसांत त्याची पिसे गळत होती का, ते पाहा. पावसाळा सरत आला की मोराचा पूर्ण पिसारा काही आठवड्यांत झडतो. मग तो नाचत नाही, फारसा ओरडत नाही, झुडपांच्या आडोशाने राहतो आणि दुरून पाहणाऱ्याला लांडोरच वाटतो. कदाचित तो येऊनही गेला असेल आणि तुम्ही सर्वजण लांब पिसारा शोधत असल्यामुळे तुम्हाला ओळखू आला नसेल. ओळखायची खूण अशी : लांडोरीची मान हिरवट आणि अंग तपकिरी असते, परंतु नराची मान पिसारा नसतानाही गडद निळीच राहते.

त्याला शोधायला टेकडीवर गर्दीने जाऊ नका. आईबाबांपैकी कोणाला तरी घेऊन संध्याकाळी शिरीषापासून लांब, शांत उभी राहा. सूर्य मावळल्यानंतरच्या अर्ध्या तासात मोर रातथाऱ्यावर चढतात आणि तेव्हा फांदीवर त्याची आकृती दिसते. तो तेथे नसेल तरी लगेच वाईट मानू नकोस, कारण टेकडीवर त्याच्यासाठी दुसरीही झाडे आहेत. आजींच्या ओट्याजवळचे पाण्याचे भांडे धुऊन भरायचे काम तू घे. वहीत तारखेपुढे ‘आला नाही’ असे लिहीत राहा, आणि हिवाळ्यात निळ्या मानेचा, आखूड शेपटीचा पक्षी पाणी प्यायला आला, तर त्या दिवसाची वेळही लिही. ती नोंद मला पाठव.